आकाशांतील काकतालीय

मागील अंकीं आम्हीं या सदरांत मुलांच्या हस्ताक्षराविषयीं चार शब्द लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांचा परामर्श या महिन्यांत घ्यावा असा आमचा संकल्प होता. परंतु मध्यंतरीं आमच्याच घरांत एक प्रश्न असा उपस्थित झाला कीं, हस्ताक्षर तूर्त बाजूस ठेवणें भाग पडलें. प्रश्न घरगुती असला तरी त्यांतून निघालेला विचार सर्वच कुटुंबांच्या उपयोगाचा आहे असें वाटल्यावरून तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमच्या ज्येष्ठ बंधूंचा नातू वैमानिकाचें शिक्षण घेण्यासाठीं अमेरिकेंतील फ्लॉरिडा संस्थानांत आहे. यंदा दिवाळीस तो घरीं आला होता. फराळाच्या वेळीं सर्व मंडळी माजघरांत जमली असतां, तिकडील गोष्टी सांगतां सांगतां तो सहज बोलून गेला, "आजोबा, एके दिवशीं आमच्या विमानासमोर एकदम चार रंगीत छत्र्या उघडल्या. थोडक्यांत निभावलें." त्याच्या मतें ही एक मौजेची गोष्ट होती, पण वहिनींच्या हातांतील ताट तसेंच राहिलें, आणि त्याच्या आईचा चेहरा पांढराफटक पडला. त्या रात्रीं वहिनी आम्हांस म्हणाल्या, "भाऊजी, आतां तुम्हीच काय तें सांगा. तुमच्या शब्दाबाहेर तो जावयाचा नाहीं. तेथें असें होत असेल तर त्यानें परत जाऊं नये." मुलाची आई कांहीं बोलली नाहीं, पण तीहि दारांत उभी होती.

निर्णय देण्यापूर्वीं प्रकरण समजून घ्यावें, हा आमचा जुना शिरस्ता. म्हणून दुसऱ्या दिवशीं आम्हीं मुलास कागद-पेन्सिल घेऊन समोर बसविलें, आणि पुढील चार दिवस आम्हीच त्याचे विद्यार्थी झालों.

आकाश अफाट आहे, त्यांत दोघांची गांठ पडणें म्हणजे केवळ काकतालीय, अशी बहुतेकांची समजूत असते. आमचीहि होती. कावळ्यानें ताडावर येऊन बसावें आणि नेमकें त्याच क्षणीं ताडाचें फळ गळावें, यास आपल्याकडे काकतालीय न्याय म्हणतात. येथें तर दृष्टांत अक्षरशः जुळतो. एक उडणारा, दुसरा पडणारा. परंतु आकाश अफाट असलें तरी मनुष्य त्यांतील थोड्याच जागेंत वावरतो. विमान चालविण्यास शिकणाऱ्यांस स्वच्छ हवा, सपाट प्रदेश आणि वर्दळ कमी असलेलें लहान विमानतळ लागतें. हवाई छत्री घेऊन उडी मारणाऱ्यांसहि नेमकें हेंच लागतें. म्हणून जेथें एक विद्या रुजते तेथें दुसरीहि येते. फ्लॉरिडांत डेटोना बीच येथें एम्ब्री-रिडल हें विमानविद्येचें मोठें विद्यापीठ आहे. आणि तेथून थोड्याच अंतरावरील डीलंड हें गांव छत्रीच्या उड्यांकरितां जगभर प्रसिद्ध आहे. ॲरिझोना संस्थानांत फीनिक्स व टूसॉन या दोन शहरांच्या आसपास शिकाऊ विमानांची गर्दी असते; आणि या दोहोंच्या दरम्यानच ईलॉय येथें उड्यांचें एक फार मोठें केंद्र आहे.

आतां उंचीचा हिशेब पाहूं. शिकाऊ विमान विमानतळाभोंवतीं चौकोनी फेऱ्या घालून पुनः पुनः उतरण्याचा सराव करितें. या फेरीस 'सर्किट' म्हणतात, व ती जमिनीपासून सुमारें १,००० फूट उंचीवर घेतात. वळणें, मंदगति उड्डाण वगैरे इतर धडे साधारणपणें २,००० ते ४,००० फूट उंचीवर होतात. उडी घेणाऱ्यांचें विमान सुमारें १३,००० फुटांपर्यंत चढतें. तेथून उडी घेतल्यावर पहिल्या दहा सेकंदांत मनुष्य सुमारें १,००० फूट खालीं येतो, आणि पुढें ताशीं सुमारें १२० मैल वेगानें, म्हणजे दर साडेपांच-सहा सेकंदांस १,००० फूट, पडत राहतो. ३,००० ते ५,००० फुटांच्या सुमारास तो छत्री उघडतो, आणि मग चार-पांच मिनिटें तरंगत जमिनीवर येतो. वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं, ज्या थरांत एकाचा धडा चालतो त्याच थरांत दुसऱ्याची छत्री उघडते.

मुलानें आणखी एक गणित मांडून दाखविलें. १३,००० फुटांपासून ४,००० फुटांपर्यंत पडण्यास एक मिनिटहि पुरें लागत नाहीं. ताशीं १०५ मैल वेगानें जाणारें शिकाऊ विमान एका मिनिटांत पावणेदोन मैल जातें. उडी घेणारा मनुष्य दारांतून वाकून खालीं पाहतो, तशी त्याला शिकवणच असते. पण त्या क्षणीं पावणेदोन मैल दूर असलेलें विमान त्याच्या जमेंत धरलें जात नाहीं. छत्री उघडते तेव्हां मात्र तेंच विमान पायांखालीं आलेलें असतें.

उलट बाजूनें पाहतां वैमानिकाची अडचणहि कमी नाहीं. त्याची नजर क्षितिजाकडे. हा येतो डोक्यावरून. सेस्ना १७२ या शिकाऊ विमानाचे पंख वैमानिकाच्या डोक्यावर असतात, म्हणून वरचें दिसत नाहीं. पायपरच्या विमानाचे पंख खालीं असतात, म्हणून खालचें दिसत नाहीं. केवळ यंत्रें पाहून विमान चालविण्याचा धडा असेल त्या वेळीं तर विद्यार्थ्याच्या डोळ्यांवर मुद्दाम झांपड बांधतात, आणि बाहेर पाहण्याचें सर्व काम एकट्या शिक्षकावर येतें. १ जानेवारी २०२० पासून अमेरिकेंतील गजबजलेल्या आकाशांत प्रत्येक विमानानें आपलें स्थान रेडिओद्वारें आपण होऊन कळवीत राहावें असा नियम झाला आहे. त्यामुळें एका विमानास दुसरें विमान पडद्यावर दिसतें. परंतु पाठीवर छत्री बांधलेल्या मनुष्याजवळ असें यंत्र नसतें. पडद्यावर तो नसतोच.

असे प्रसंग केवळ कल्पनेंतले नाहींत. १९९३ सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांत नॉर्थहॅम्प्टन येथें छत्री उघडण्यापूर्वींच एक उडी घेणारा मनुष्य पायपर जातीच्या एका लहान विमानाच्या शेपटाकडील भागावर आदळला. विमान कोसळून त्यांतील चौघे मृत्यु पावले. आणि जो आकाशांतून पडत होता तो पायाचा घोटा मोडून जिवंत उतरला. २०१४ च्या मार्च महिन्यांत फ्लॉरिडांतील मलबेरी गांवाजवळ, टेकून पुनः उडण्याचा सराव करणारें एक सेस्ना विमान जमिनीजवळ आलेल्या एका छत्रीच्या दोऱ्यांत अडकलें. विमान नाकावर आपटलें, छत्रीवाला फेंकला गेला. वैमानिक ८७ वर्षांचे होते. सुदैवानें दोघेहि वांचले.

"मग सरकार काय करितें?" असें आम्हीं विचारलें. त्यावर मुलानें नियमांची यादीच वाचली. उड्यांचा कार्यक्रम असेल तर निदान १ तास व फार तर २४ तास अगोदर हवाई नियंत्रण-कचेरीस कळवावें. पहिल्या उडीच्या निदान ५ मिनिटें आधीं उडीच्या विमानानें त्या कचेरीशीं रेडिओवर बोलणें सुरू केलेलें असावें. ढगांतून उडी घेऊं नये. ढगांपासून अमुक अंतर राखावें. विमानांस अगर जमिनीवरील लोकांस धोका होईल अशी उडी मुळींच घेऊं नये. वैमानिकांच्या नकाशांवर अशा जागीं छत्रीचें लहान चिन्ह छापलेलें असतें. आणि प्रत्येक वैमानिकानें डोळे उघडे ठेवून समोरच्यास चुकवावें, हा सर्वांवरील मूळ नियम. नियमांस तोटा नाहीं, हें पाहून आमच्यांतील शिक्षकास बरें वाटलें. आम्हीं म्हटलें, "म्हणजे त्या दिवशीं कोणीतरी नियम मोडला असला पाहिजे."

"नाहीं, आजोबा. तीच तर गंमत आहे," असें म्हणून त्यानें त्या दिवशींची हकीकत सांगितली.

ज्या विमानतळावर हें घडलें त्याचें नांव देण्याचें कारण नाहीं. तेथें नियंत्रण-मनोरा नाहीं. ज्यानें त्यानें एका ठराविक रेडिओ-लहरीवर आपण कोठें आहों व काय करणार हें सांगावें, अशी रीत आहे. बुधवारचा दिवस होता. मुलगा व त्याचा शिक्षक सरावाच्या प्रदेशांतून परत येत होते. तेथें उड्या होतात हें शिक्षकास ठाऊक होतें, पण त्या शनिवारीं-रविवारींच होतात असा त्याचा अनुभव. सरावाच्या प्रदेशाची लहर निराळी. तीवरून विमानतळाच्या लहरीवर ते तीन मैलांवर आल्यानंतर वळले. दहा मैलांपासून ऐकूं लागावें अशी सरकारची शिफारस आहे; सक्ती नव्हे. "उड्या सुरू होत आहेत" ही उडीच्या विमानाची घोषणा त्यापूर्वींच होऊन गेली होती. मग पुस्तकांत सांगितल्याप्रमाणें ते सर्किटाहून ५०० फूट अधिक उंचीनें विमानतळाच्या मधोमध ओलांडूं लागले. इतरत्र हीच निर्धोक वाट; पण जेथें छत्र्या उतरतात तेथें फळ पडावयाची जागाहि तीच. चार छत्र्या समोर आल्या. शिक्षकानें विमान हातीं घेऊन वळविलें. मध्यें तीन-चारशें फुटांचें अंतर राहिलें असेल, असा मुलाचा अंदाज.

खालीं उतरल्यावर दोन्ही पक्षांची गांठ पडली. उड्यांच्या व्यवस्थापकानें आदल्या दिवशीं दिलेल्या सूचनेची नोंद दाखविली. शिक्षकानें मैदान ओलांडण्याचें पान काढून दाखविलें. बराच वेळ दोघेहि तावांत होते. "आणि आजोबा," मुलगा म्हणाला, "दोघांचेंहि बरोबर होतें."

हें वाक्य ऐकून आम्ही कांहीं वेळ स्तब्ध राहिलों. कारण हेंच वाक्य आम्हीं पूर्वीं एकदां स्वतः उच्चारलें होतें. ती गोष्ट आम्हीं घरांत आजवर कोणास सांगितली नव्हती. आज येथें सांगतों.

आमच्या शाळेस एकच मैदान होतें. एके वर्षीं व्यायामशिक्षक रजेवर असतां सामने जवळ आले, म्हणून मुख्याध्यापकांनीं नववीच्या मुलांस गोळाफेकीचा सराव देण्याचें काम आम्हांवर सोंपविलें. आम्हीं सूचनावहींत दिवस, तास व कारण स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवलें, आणि निश्चिंतपणें मैदानावर गेलों. त्याच तासास एक सहकारी पांचवीच्या मुलांस खोखोसाठीं घेऊन आले. वेळापत्रकाप्रमाणें मैदान त्यांचें होतें. त्यांचीं मुलें मैदानाच्या दुसऱ्या टोंकास आहेत हें आम्हीं पाहिलें, आणि दूर आहेत म्हणून सोडून दिलें. खेळाच्या भरांत एक मुलगा पाठलाग चुकवीत आमच्या बाजूस धांवत आला. लोखंडी गोळा त्याच्यापासून दोन हातांवर मातींत रुतला. मुलगा हंसत परत पळाला. त्याला कांहीं कळलेंहि नाहीं. आम्ही मात्र तेथेंच खालीं बसलों. त्या मुलाचें नांव आम्हांस अद्याप आठवतें.

संध्याकाळीं शिक्षकांच्या खोलींत वाद झाला. आम्हीं वही दाखविली, त्यांनीं वेळापत्रक दाखविलें. मुख्याध्यापक म्हणाले, "दोघांचेंहि बरोबर आहे." आणि आम्हीहि मोठ्या समाधानानें तेंच म्हटलें. आज वाटतें, त्या समाधानाइतकी लज्जास्पद गोष्ट आमच्या हातून दुसरी झाली नसेल.

आयुष्यभर व्याकरण शिकविलें, पण त्यांतील एक साधी गोष्ट तेव्हां आमच्या ध्यानांत आली नाहीं. 'लिहिणें' या क्रियेस एक कर्म पुरतें. काय लिहिलें एवढें असलें कीं झालें. 'सांगणें' हें क्रियापद द्विकर्मक आहे. काय सांगितलें तें लागतें, तसेंच कोणास सांगितलें तेंहि लागतें. आम्हीं वहींत लिहिलें. सहकाऱ्यास सांगितलें नाहीं. त्या व्यवस्थापकानें कचेरीस कळविलें; शेजारच्या विमानशाळेस कळविलें नाहीं. विमानशाळेनेंहि कधीं विचारलें नाहीं. कागद पुरे झाले, पण दुसरें कर्म रिकामेंच राहिलें. आणि त्या रिकाम्या जागीं चार माणसें लोंबकळत उतरत होतीं.

यावर कोणी म्हणेल, एकास तेथून काढूनच कां टाकूं नये? हा वाद तिकडे बराच चालतो. विमानशाळा म्हणतात, विमानतळ विमानांसाठीं आहे. उड्या घेणारे म्हणतात, तें सर्वांचें आहे. कायद्याचा कल असा कीं, उडी हाहि विमानविद्येचाच एक व्यवसाय आहे. ज्या विमानतळानें मध्यवर्ती सरकारचें अनुदान घेतलें असेल त्यास सुरक्षिततेचें सबळ कारण दाखविल्यावांचून तिला मज्जाव करितां येत नाहीं. वडीलपणाच्या दृष्टीनें पाहूं गेल्यास तर निकाल विमानांच्या विरुद्ध जाईल. आंद्रे-जाक गार्नेरें यानें पॅरिस येथें बलूनमधून छत्रीच्या साह्यानें पहिली प्रसिद्ध उडी घेतली ती २२ ऑक्टोबर १७९७ रोजीं; राइट बंधूंचें विमान उडालें १७ डिसेंबर १९०३ रोजीं. छत्री विमानाहून १०६ वर्षांनीं वडील! परंतु ज्या घरांत वडीलपणा पुढें करूनच भांडण मिटवावें लागतें, त्या घराची स्थिति काय असते हें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस सांगावयास नको.

आपल्याकडे बारामती, गोंदिया, धुळें येथें मुलें विमान चालवावयास शिकतात. हौसेच्या उड्यांसाठीं लोक हरियाणांतील नारनौळपर्यंत जातात.  उद्यां या दोन गोष्टी एकमेकींच्या अधिक जवळ येतील. त्या वेळीं निदान हा धडा आपणांस नवा नसावा.

मुलास आम्हीं शेवटीं विचारलें, "मग पुढें तेथें काय झालें?" तो म्हणाला, "पुढच्या आठवड्यांत दोघे पुनः बसले, आणि एका कागदावर चार गोष्टी ठरविल्या. रोज सकाळीं आमच्या शाळेनें उड्यांच्या कचेरीस दूरध्वनि करावयाचा. त्यांचें विमान जमीन सोडतांना, उडीपूर्वीं ५ मिनिटें आणि प्रत्यक्ष उडीच्या वेळीं आमच्या लहरीवर सांगावयाचें. आम्हीं दहा मैलांपासून ऐकावयाचें. आणि आम्हीं मैदानाच्या मधून कधींच जावयाचें नाहीं. सर्किट पश्चिमेस, छत्र्या पूर्वेस." यांतील बहुतेक गोष्टी कायद्यानें सक्तीच्या नाहींत. परंतु कावळ्यास ताड ठाऊक झाला, आणि फळ केव्हां पडणार हेंहि कळूं लागलें. आतां जें होईल त्यास काकतालीय म्हणतां येणार नाहीं.

त्या रात्रीं आम्हीं वहिनींस व मुलाच्या आईस समोर बसवून सर्व हकीकत सांगितली. गोळाफेकीचीहि सांगितली. धोका उरला नाहीं असें खोटें आश्वासन आम्हीं दिलें नाहीं. कारण तसें म्हणणें हीच निष्काळजीपणाची पहिली पायरी असते. एवढेंच म्हटलें कीं, ज्या जागीं दोन पक्षांनीं आपापलें बरोबर असणें बाजूस ठेवून एकमेकांशीं बोलण्यास आरंभ केला आहे, ती जागा पूर्वींपेक्षां खचित अधिक सुरक्षित आहे. मुलानें परत जावें असें आमचें मत आहे.

वहिनी पुष्कळ वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ठीक आहे, भाऊजी. पण रोज सकाळचा तो दूरध्वनि दुसऱ्या कोणावर सोंपवावयाचा नाहीं. यानें स्वतः करावयाचा." मुलाची आई म्हणाली, "आणि काका, तिकडून कोणी ऐकलें, त्याचें नांवहि विचारून घ्यावयाचें."

दुसरें कर्म तिला आमच्यापेक्षां लवकर समजलें होतें. मुलगा गेल्या आठवड्यांत परत गेला. हस्ताक्षराविषयींच्या पत्रांचा विचार पुढील अंकीं करूं.